सुटकेनंतरची फाईल

देहविक्रीच्या अड्ड्यावरच्या धाडीत सुटलेल्या एका अल्पवयीन मुलीची ही गोष्ट. हे लिहायला तिची हरकत नाही. फक्त गाव, जिल्हा, शाळा, संस्था यातलं काही नको, असं तिने बजावलंय. कायदाही तेच सांगतो. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यातल्या मुलीचं नावच काय, तिची शाळा किंवा राहायची आळीसुद्धा छापता येत नाही. म्हणून इथे ती 'धाकटी' आणि त्याच धाडीत सुटलेली दुसरी 'थोरली'.

बाल कल्याण समितीने मला धाकटीची सहाय्यक व्यक्ती (खटला संपेपर्यंत मुलीच्या सोबतीला असणारं माणूस) म्हणून नेमलं, तेव्हा या माणसाने नेमकं करायचं काय ते मी मराठीत शोधलं होतं. धाडींच्या बातम्या ढिगाने मिळाल्या. अमुक लॉजवर छापा, इतक्या मुलींची सुटका, इतके अटकेत. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलींचं काय होतं, कोणत्या ऑफिसात कोणता कागद लागतो, यावर जवळजवळ काहीच नव्हतं. कुणीतरी आत्ता तसंच शोधत असेल, त्याच्यासाठी हे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर शनिवारी मुलींच्या बालगृहात शिकवायला जाऊ लागले. समाजकार्याची पदवी माझ्याकडे नाही. पण ठरलेल्या निकषांनुसार समाजकार्य, मानसशास्त्र वगैरे विषयांत पदव्युत्तर शिक्षण लागतं, किंवा मग साधी पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास किंवा संरक्षण यातला किमान तीन वर्षांचा अनुभव चालतो. शिक्षकी त्यात बसते. तुम्ही शिक्षक असाल आणि निवृत्तीनंतर काय करावं असा प्रश्न असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन यादीत नाव द्या. अर्ज, पदवीची प्रत, अनुभवाचा दाखला, पोलीस पडताळणी, एवढंच लागलं.

धाड पडली ऑगस्ट २०२२ मध्ये. दोघी एकाच खोलीत सापडल्या आणि पोलीस ठाण्यात दोघींनीही आपलं वय एकवीस सांगितलं. धाकटीच्या आधार कार्डावरही एकवीसच होतं. पण सोबत गेलेल्या संस्थेच्या कार्यकर्तीला ते पटेना. पोरीचा चेहरा नववी-दहावीतला. तिने आग्रह धरला म्हणून धाकटीला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेलं. थोरली गेली दंडाधिकाऱ्यांपुढे, पोलीस ज्याला 'पिटा' म्हणतात त्या १९५६ च्या कायद्याखाली. खोली एक, रात्र एक, घरवाली (धंदा चालवणारी बाई) एक, आणि तिथून पुढे दोघींचे रस्ते वेगळे. एकीला बालगृह, पॉक्सो, सहाय्यक व्यक्ती, भरपाई. दुसरीला महिला सुधारगृह आणि चौकशी.

थोरलीने दंडाधिकाऱ्यांना सांगितलं, मला इथे राहायचं नाही. ती सज्ञान होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्येच स्पष्ट केलंय की सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही. महिन्याभरात ती बाहेर पडली. कुठे गेली ते तेव्हा कळलं नाही.

वयाचा मुद्दा पुढे खटला संपेपर्यंत छळणार होता, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. प्रत्यक्षात आधी हाडांची तपासणीच झाली, कारण ती दोन दिवसांत होते आणि गावाकडचा कागद यायला महिने लागतात. तपासणीत नेमकं वय कधीच येत नाही, अंदाज येतो. आरोपीच्या वकिलाला तो अंदाज वरच्या बाजूला खेचायचाच असतो. समितीने तिच्या जिल्ह्याला पत्र पाठवलं आणि दिवाळीच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेतून निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या तिच्या नोंदीची नक्कल, आला. पोरगी सतरा वर्षांचीसुद्धा नव्हती.

सप्टेंबरात माझं नेमणुकीचं पत्र आलं. दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा, खटला संपेपर्यंत. पहिल्या अहवालात काय लिहावं तेच मला समजेना, कारण धाकटी माझ्याशी बोलतच नव्हती.

तिच्या लेखी ही सुटका नव्हतीच. फोन काढून घेतलेला, बाहेर जायला बंदी, सकाळी साडेपाचला उठवणारी गृहमाता. 'मला कशाला आणलंत? माझे पैसे बुडाले,' हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. पैसे बुडाले म्हणजे काय, हे समजायला मला वेळ लागला. घरवालीने तिच्या डोक्यात एक हिशोब भरून ठेवला होता. तिला गावातून ज्या बाईने आणलं तिला दिलेली उचल, खोलीचं भाडं, कपडे, डॉक्टर, फोन. हे सगळं फिटल्यावर पुढची कमाई तुझी. पोरगी खरंच समजत होती की आपण कर्ज बुडवून पळालोय आणि ते लोक ते वडिलांकडून वसूल करतील.

यावर समुपदेशक तिच्याशी बोलत होत्या, ते त्यांचं काम. मला गणित येतं. एका शनिवारी मी तिच्यापुढे कोरी वही ठेवली आणि म्हटलं, मांड हिशोब. मी काही विचारणार नाही, बघणारही नाही. डावीकडे तिने सांगितलेलं देणं, उजवीकडे तुझ्यामुळे तिला मिळालेलं. मी खिडकीशी पेपर तपासत बसले. ती बराच वेळ लिहीत होती, खोडत होती, बोटं मोजत होती. मग म्हणाली, 'काकू, म्हणजे तिच्याकडेच माझे निघतात.'

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्याच आठवड्यात तिने एका मुलीशी मारामारी केली आणि दोन दिवस जेवली नाही. पण कर्जाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आणि मला 'काकू' म्हणायला लागली, तेही त्याच दिवशी.

आता फाईल. ती पहिल्याच आठवड्यात करा. एक जाड फाईल, आत प्लास्टिकचे कप्पे, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. एफआयआरची प्रत (ती पीडितेला विनामूल्य मिळते, मागून घ्या), समितीचे सगळे आदेश, वयाचा कागद, वैद्यकीय कागद, तुमचं नेमणूकपत्र, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर. तपास अधिकारी बदलतात. आमच्या खटल्यात बदलले, आणि नव्या साहेबांकडे गेले तेव्हा माझ्याच फाईलवरून त्यांनी काही तारखा लिहून घेतल्या. दोषारोपपत्र दाखल झालं की खटल्याचा सीएनआर क्रमांक मागा. सोळा अक्षर-अंकांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. नाहीतर तारखेच्या आदल्या संध्याकाळी पैरवी हवालदाराचा (कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसाचा) फोन येईल या भरवशावर बसावं लागतं.

हिवाळ्यात घरच्या चौकशीचा अहवाल आला. समितीने मुलीला घरी पाठवण्याआधी तिच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडून घराची माहिती मागवायची असते. वडील ऊसतोडीला जाणारे, आई नाही, सावत्र आई आणि दोन लहान भावंडं. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा: कुटुंब मुलीस स्वीकारण्यास तयार असून वातावरण योग्य आहे. ज्या बाईने तिला 'पुण्या-मुंबईकडं घरकामाला लावते' म्हणून नेलं ती याच घरी चहा पिऊन गेली होती, हे अहवालात कुठेच नव्हतं. माझ्या मते असे अहवाल एका भेटीत लिहायचेच नसतात, पण एका कर्मचाऱ्याकडे किती गावं असतात तेही मी नंतर पाहिलं.

समितीपुढे वडील आले. मुलगी त्यांच्या शेजारी बसली, त्यांनी आणलेला चिवडा खाल्ला आणि अध्यक्षांना म्हणाली, 'मला घरी जायचं नाही.' वडील रडले. तीही रडली, पण बोलणं बदललं नाही. समितीने तिचं ऐकलं. मुलीला काय हवं ते विचारणं कायद्यात आहेच, फक्त नातेवाईक समोर असताना ते बोलायला तिला जड जातं. आधीच लेखी अर्ज द्या किंवा सदस्यांना तिच्याशी एकटीने बोलायची विनंती करा. आम्ही दोन्ही केलं होतं.

आता आधारकार्डाची कथा. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

अंतरिम भरपाईसाठी डिसेंबर २०२२ मध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिचं काम या प्राधिकरणाकडून चालतं. अर्जाला पैसे लागत नाहीत, वकील लागला तर तोही प्राधिकरण विनामूल्य देतं. कागद सगळे होते. अडलं ते बँक खात्याशी. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, आणि बँकेच्या शाखेत साहेब म्हणाले, 'मॅडम, ही नेमकी कोण?'

नवीन आधार काढता येत नाही, कारण बोटांचे ठसे एकाच क्रमांकाला जोडलेले असतात. तिचं मूळ कार्ड गावच्या शाळेत असताना निघालेलं. दलालाने तिला शहरात आणल्यावर पहिलं काम केलं ते त्यातली जन्मतारीख बदलून घेण्याचं. दुसरं काम, आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडायचं. म्हणजे आम्ही केंद्रावर काहीही करायला गेलो की ओटीपी जाणार कुणाला? त्या नंबरला. तो माणूस कोठडीत असला तरी सिमकार्ड कुणाकडे होतं देव जाणे.

म्हणून सगळ्यात आधी मोबाईल नंबर बदला. त्याला कागद लागत नाही, मुलगी आणि तिची बोटं पुरतात. तेव्हा ५० रुपये फी होती. नंबर संस्थेच्या अधीक्षिकांचा दिला. मग पत्ता. मान्यताप्राप्त बालगृहाच्या प्रमुखांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारवाले पत्त्याचा पुरावा म्हणून घेतात. हा नमुना केंद्रावर मिळेलच असं नाही, आधारच्या संकेतस्थळावरून छापून न्या. जन्मतारीख मात्र साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि ती एक संधी दलालाने वापरून टाकलेली. केंद्रावर अर्ज फेटाळला गेला. आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा सांगितलं, प्रादेशिक कार्यालयाकडे जा. तिथे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, निर्गम उतारा, समितीचा आदेश, एफआयआरची प्रत आणि अधीक्षिकांचं पत्र लावून अर्ज दिला. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मिळवायला मी स्वतः त्या गावी गेले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ मध्येच सुरू झालं होतं. कंडक्टरला ते नवीन, मलाही नवीन. ग्रामसेवक भला माणूस होता. मुलीचं नाव सांगितल्यावर त्याने एकही प्रश्न न विचारता रजिस्टर काढलं. गावाला सगळं माहीत असतं.

जुलै २०२३ मध्ये दुरुस्त आधार आलं आणि ऑगस्टमध्ये तिच्या खात्यात अंतरिम रक्कम. रक्कम मी लिहीत नाही. अर्ज केल्यापासून आठ महिने गेले, त्यातले बहुतेक त्या एका खोट्या तारखेपायी.

खटल्यात तेच खोटं आधार पुन्हा पुढे आलं. मुलगी सज्ञान होती, कार्डावर बघा, हा आरोपीच्या वकिलांचा मुख्य मुद्दा. आधार हा जन्मतारखेचा पक्का पुरावा मानायचा नाही, शाळेचा दाखला मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात सांगितलं. आमच्या सरकारी वकील मॅडमना युक्तिवादात ते उपयोगी पडलं. पण साक्षी त्याआधीच झाल्या होत्या.

कायद्याची अपेक्षा अशी की मुलीची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत व्हावी आणि खटला वर्षात संपावा. आमच्याकडे आरोपनिश्चितीच २०२३ च्या पावसाळ्यात झाली आणि धाकटीची साक्ष जानेवारी २०२४ मध्ये. तारखा पडत राहिल्या. आरोपींना तुरुंगातून आणायला गाडी नाही, न्यायाधीश रजेवर, वकिलांचा मुदतीचा अर्ज. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तिला झोप लागायची नाही. मी एक ठरवलं. तारीख पक्की आहे असं सरकारी वकिलांकडून कळेपर्यंत तिला सांगायचं नाही. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही, मुलीला सगळं आधी कळायला हवं असं ते म्हणतात. त्यांचंही बरोबर असेल. मी तिलाच विचारलं होतं आणि तिने 'एक दिवस आधी सांगा' म्हटलं.

साक्षीच्या आठवड्यात एका दुपारी, कामकाज नसताना, तिला कोर्ट दाखवून आणलं. न्यायाधीश कुठे बसतात, पडदा कुठे लावतात, पाणी कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे. यासाठी सरकारी वकिलांमार्फत विनंती करता येते. तिचा एकच प्रश्न होता, तो मला दिसणार का आणि मी त्याला दिसणार का. आरोपी मुलीच्या नजरेसमोर येऊ नये ही जबाबदारी पॉक्सोमध्ये न्यायालयावर टाकलेली आहे. आमच्याकडे पडदा होता. काही जिल्ह्यांत वेगळी खोली आणि व्हिडिओची सोय आहे, विचारून घ्या.

सहाय्यक व्यक्तीने काय करू नये हेही लिहायला हवं. तिला उत्तरं शिकवू नका. 'असं म्हण, तसं म्हणू नको' हे चुकूनही नाही. उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो, तुला हे कुणी सांगायला शिकवलं? मी तिला एवढंच म्हटलं होतं की आठवत असेल ते सांग, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांग.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, दुपारपर्यंत संपला. उलटतपास त्या दिवशी आणि पुढच्या तारखेला. प्रश्न थेट मुलीला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात, आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालत नाहीत. न्यायाधीश बाईंनी दोन-तीनदा वकिलांना थांबवलं. फोनमधल्या सेल्फी दाखवल्या गेल्या: इथे तर तू हसतेयस. धाकटी म्हणाली, 'फोटोत सगळेच हसतात.' बंद खोलीतली साक्ष होती, बाहेर कुणाला काही ऐकू आलं नाही. मध्यंतरात तिला उलटी झाली. मग तिने वडापाव मागितला आणि पूर्ण खाल्ला. सोबत सुका खाऊ, पाणी, जादाचा कपड्यांचा जोड ठेवा. साक्षीदार भत्ता मिळतो, त्यासाठी त्याच दिवशी कोर्टाच्या कर्मचाऱ्यांकडून कागद करून घ्या, नंतर कुणी विचारत नाही.

मार्चमध्ये तिच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची साक्ष झाली. रात्रभर एसटीने प्रवास करून आले होते, कापडात गुंडाळलेलं जनरल रजिस्टर मांडीवर. ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही. पिंजऱ्यात उभं राहून पान उघडलं, नोंद वाचली, तिच्या पहिलीतल्या प्रवेशाची तारीख, जन्मतारीख, त्यावेळच्या गुरुजींची सही. वकिलांनी विचारलं, ही नोंद नंतर घातली नसेल कशावरून? ते म्हणाले, 'वरच्या ओळीत तिची मैत्रीण आहे आणि खालच्या ओळीत माझा पुतण्या. मध्ये जागा कुठाय?' मूळ रजिस्टर पाहून परत केलं, सत्यप्रत ठेवून घेतली. जाताना त्यांनी धाकटीबद्दल विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. 'हुशार होती,' म्हणाले, आणि बसस्थानकाकडे निघाले.

थोरलीही साक्षीला आली. काही आठवत नाही म्हणाली, आरोपींना ओळखत नाही म्हणाली. कोर्टाने तिला फितूर घोषित केलं. धाकटी चिडली, रात्री मला फोनवर म्हणाली, एका ताटात जेवायचो आम्ही. मला राग आला नाही. थोरलीला एक मुलगा आहे आणि ती ज्या खोलीत राहते ती कुणाच्या ओळखीने मिळालेली आहे, हे मला कोर्टाच्या आवारात तिच्याच तोंडून कळलं होतं. धाकटीच्या मागे समिती, संस्था, योजना, मी, सगळं उभं होतं. थोरली वयाने तीन-चार वर्षांनी मोठी, एवढ्याच फरकाने तिच्या मागे कुणी नव्हतं. मी तिला एवढंच सांगू शकले की मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार द्यायला सांगितलंय, एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर. तिने नंबर लिहून घेतला.

निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. घरवाली आणि दलाल दोषी, लॉजमालक सुटला. गावातून जिने नेलं ती बाई अजून सापडलेली नाही.

खटला चालू असतानाच, मार्च २०२४ मध्ये, धाकटी अठरा वर्षांची झाली. बालगृहातल्या मुलींना हा वाढदिवस नको असतो, कारण त्यानंतर तिथे राहता येत नाही. पण बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरही आधार देण्याची, सोय आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत, खास बाबतीत तेविसाव्यापर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये आहेत. अर्ज अठरा पूर्ण व्हायच्या तीन-चार महिने आधी करा. आम्ही तसा केला, तरी पैसे यायला वेळ लागला आणि मधले महिने संस्थेने निभावले. वसतिगृह मात्र लगेच मिळालं.

पुढे काय शिकायचं यावर वाद झाला. संस्थेत शिलाई होती, ब्युटी पार्लर होतं, पापड-लोणचं होतं. तिला यातलं काही नको होतं. तिला मोबाईल दुरुस्ती शिकायची होती. बालगृहात आल्यावर जो फोन तिच्याकडून काढून घेतला त्याच्याच आत काय असतं ते तिला बघायचं होतं. काहीजणांना वाटलं, फोनपायीच तर हे सगळं झालं. मला ते पटलं नाही आणि मी तसं बैठकीत बोलले. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, सगळे 'आरसेटी' म्हणतात. तिथे मोबाईल दुरुस्तीचा महिन्याभराचा कोर्स आहे, फी नाही, राहणं-जेवण मोफत, वय अठराच्या पुढे. त्या तुकडीत ती एकटी मुलगी होती. प्रवेशाच्या फॉर्मवर 'मागील पत्ता' या रकान्यात आम्ही वसतिगृहाचा पत्ता लिहिला. अशा संस्थेचं नावच ओळख सांगून जातं, म्हणून शक्य असेल तिथे संस्थेचं नाव न टाकता नुसता घर क्रमांक आणि रस्ता लिहा.

दहावी तिने बाहेरून दिली, १७ नंबरचा फॉर्म भरून. सातवीत शाळा सुटलेली, त्यामुळे शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागला. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग प्रत संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायची. मुदत पावसाळ्यात असते, बाहेरचे विद्यार्थी नेमके तेव्हाच बेसावध असतात. गणित मी घेतलं, इंग्रजी वसतिगृहातल्या एका कॉलेजच्या मुलीने. परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२५ ला, निकाल १३ मे रोजी. पास झाली. गणितात पडलेले गुण मी सांगावेत असे नाहीत, मास्तरीण म्हणून माझी लाज निघेल. विज्ञानात बरे आहेत.

खटल्याच्या निकालानंतर मिळालेल्या भरपाईचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत गेला, थोडा खात्यात. ठेव मोडता येत नाही याचा तिला आधी राग आला. मग वडिलांचा फोन आला. गावात बोअर मारायचीय, भावाचं ॲडमिशन आहे. तिने सांगितलं, पैसे बँकेत अडकलेत, मलाच मिळत नाहीत. ते खरंच होतं, त्यामुळे तिला खोटं बोलावं लागलं नाही आणि नातंही तुटलं नाही. मुदत ठेवीचा हा उपयोग कोणत्या परिपत्रकात लिहिलेला नाही. भावाच्या फीचे पैसे तिने नंतर स्वतःच्या पगारातून पाठवले, मला न विचारता, आणि मला विचारायचं कारणही नव्हतं.

जून २०२५ पासून ती एका मोबाईलच्या दुकानात आहे. सकाळी दहा ते रात्री आठ, पगार कमी, पण डिस्प्ले बदलायचं काम आता तिच्याकडेच देतात. मालकाला काही माहीत नाही. खोली शोधताना मात्र त्रास झाला. घरचे कुठे, एकटी का, लग्न ठरलंय का? शेवटी आरसेटीतल्या एका शिक्षिकेच्या ओळखीने मिळाली, दोघींत एक.

दोषींनी उच्च न्यायालयात अपील केलंय, सोबत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून अर्जही. अशा अर्जाची नोटीस पीडितेला मिळते, तिला म्हणणं मांडता येतं आणि त्यासाठी वकील विधी सेवा समितीकडून मिळतो. अडचण अशी की नोटीस बजावायला पोलीस येतात. गणवेशातला हवालदार दुकानात तिचं नाव विचारत उभा राहिला तर तीन वर्षांचं सगळं एका मिनिटात रस्त्यावर येईल. म्हणून निकाल लागल्यावर लगेच आम्ही सरकारी वकील आणि पोलीस ठाणे दोघांनाही लेखी कळवलं की यापुढची प्रत्येक नोटीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत द्यावी. पोच घेतली, शिक्क्यासह, आणि ती फाईलमध्ये सगळ्यात वर लावली. पहिली नोटीस तशीच आली. तिने दुकानातून अर्धा दिवस सुटी काढली, प्राधिकरणात जाऊन सही केली, आणि वकील बाईंना विचारायचे प्रश्न फोनमध्ये टाईप करून आणले होते. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.